भर हंगामात फ्रीज झालेलं खातं: लालबागच्या एका मसाल्याच्या दुकानाचं प्रकरण

हे दुकान लालबाग-परळ भागातलं. पागडीचं, जेमतेम पावणेदोनशे चौरस फुटांचं. पुढे मिरच्यांची पोती, भिंतीला खड्या मसाल्याचे डबे आणि मागच्या अंगाला मसाला कुटायचा डंक. काका 2017 मध्ये गेले, तेव्हापासून गल्ल्यावर काकू बसतात. मदतीला दोन माणसं, एक डंकावर आणि एक भाजायला. मुलगी नोकरी करते आणि संध्याकाळी फोनवरच्या ऑर्डरी सांभाळते. मी त्यांचे हिशेब आणि कराची कामं पाहते. काकूंना विचारूनच हे लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत आणि रकमा गोल केल्यात.

घडलं ते असं. 2025 च्या एप्रिलमध्ये, मसाल्याचा हंगाम ऐन भरात असताना, दुकानाच्या चालू खात्यातून पैसे निघेनासे झाले. येत होते, जात नव्हते. खात्यात साडेतीन लाखांच्या आसपास रक्कम होती. वाशीच्या व्यापाऱ्याचं देणं तोंडावर आलेलं, माणसांचे पगार व्हायचे होते. शाखेत गेल्यावर कळलं की परराज्यातल्या सायबर पोलिसांच्या सूचनेवरून खातं फ्रीज झालंय, आणि त्याचं कारण 7,200 रुपयांचा एक यूपीआय व्यवहार. काकू मला म्हणाल्या, "अगं, पैसे माझे, खातं माझं, समोर दिसतायत पण. मग देत का नाहीत?"

या प्रश्नाचं उत्तर नीट द्यायचं तर हे दुकान इथवर कसं आलं ते आधी सांगायला हवं.

कुटाईवरून मसाल्यावर

पूर्वी हे दुकान तयार मसाला विकत नसे. मिरची आणि खडा मसाला विकायचा आणि कुटून द्यायचं, एवढंच काम. होळी झाली की गिरणगावातल्या बायका याद्या घेऊन यायच्या. रंगाला बेडगी, तिखटाला संकेश्वरी नाहीतर पांडी, मग धणे, दगडफूल, नागकेशर, जायपत्री, घराण्याच्या रीतीप्रमाणे कमीजास्त. मिरच्यांना चाळीच्या गच्चीवर दोन-तीन उन्हं दाखवायची, देठं काढायची, सगळं भाजून आणायचं आणि डंकावर आपला नंबर लागला की तिथून हलायचं नाही. आधीच्या बाईचा मसाला उखळात राहिलेला असतो, म्हणून पहिला मूठभर बाजूला काढा असं बजावणाऱ्या बायका अजूनही येतात. मसाला घरी नेऊन बरणीत दाबून भरायचा, वर हिंगाचे खडे ठेवायचे, की वर्षाची निश्चिंती.

यात धंद्याच्या दृष्टीने एक मोठी गोष्ट होती. मसाला बिघडला तर बोल दुकानाला लागत नसे, कारण प्रमाण गिऱ्हाइकाचं, वाळवण गिऱ्हाइकाचं आणि ती स्वतः डोळ्यांत तेल घालून उभी. दुकानाने माल चोख द्यायचा आणि कुटाई नीट करायची. पावती लागत नसे. वहीच्या पानावर वजन आणि रक्कम लिहून पान फाडून दिलं की झालं.

ही गिऱ्हाइकं हळूहळू पांगली. 1982 च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, जमिनींवर टॉवर उभे राहिले, चाळकरी डोंबिवली, बदलापूर, विरारला गेले. तरीही मार्च-एप्रिलमध्ये करी रोडला नाहीतर चिंचपोकळीला उतरून रिकाम्या पिशव्या घेऊन येणारी कुटुंबं होतीच. पण नव्या सोसायटीत मिरची वाळवायला गच्ची मिळत नाही आणि नोकरी करणाऱ्या सुनेला यासाठी दोन दिवस काढता येत नाहीत. मागणी मसाल्याची राहिली, कुटाईची कमी होत गेली.

25 मार्च 2020 ला देशभर टाळेबंदी लागली, ती नेमकी या हंगामात. पोती भरलेली आणि गिऱ्हाईक घरात अडकलेलं. मुलीने सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर यादी टाकली: मालवणी, आगरी, गोडा, अर्धा किलो आणि एक किलो. काकूंनी सासूबाईंच्या प्रमाणाने मसाला करायला घेतला. 2016 च्या नोटाबंदीनंतर दुकानात लागलेला क्यूआर कोड तोवर नावालाच होता, तो आता मुख्य गल्ला झाला. यूपीआयवर दुकानदाराकडून शुल्क घ्यायचं नाही हे धोरण 2020 च्या जानेवारीपासून लागू झालं होतं, त्यामुळे नाही म्हणायला कारणही उरलं नव्हतं.

टाळेबंदी उठली, गिऱ्हाईक परत आलं, पण तयार मसाल्याची ऑर्डर थांबली नाही. पुढच्या दोन-तीन हंगामांत तो निम्म्याहून जास्त धंदा झाला. माझ्या मते या दुकानातला सगळ्यात मोठा बदल हाच, क्यूआरपेक्षाही मोठा. कुटून देणारं दुकान आता स्वतःच्या जबाबदारीवर खाद्यपदार्थ बनवून विकू लागलं. मसाल्याला जाळी धरली, तिखट कमी पडलं, पाकिटात खडा सापडला, तर फोन काकूंना येतो. 2024 च्या एप्रिलमध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरमध्ये भारतीय पाकीटबंद मसाल्यांत इथिलीन ऑक्साईड हे घातक रसायन आढळल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा "तुमच्या मसाल्यात काय काय घालता?" हा प्रश्न जुन्या गिऱ्हाइकांनीही विचारला.

नोंदणी, ती लांबवलेली आणि शेवटी केलेली

तयार मसाला म्हटला की अन्नसुरक्षेचा परवाना, पाकिटावर निव्वळ वजन, किंमत, पॅकिंगचा महिना, पत्ता, तक्रारीचा नंबर, हे सगळं आलं. ते मुलीने झपाट्याने केलं. अडलं ते जीएसटीपाशी.

काकूंना कुणीतरी सांगितलं होतं की मालाच्या व्यापाऱ्याला वर्षाला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. 1 एप्रिल 2019 पासून हे खरं आहे, पण ही सवलत निव्वळ माल विकणाऱ्यासाठी आहे. कुटाई ही सेवा. माल आणि सेवा दोन्ही असलं की मर्यादा 20 लाखांवर येते. दुकानाची वर्षाची उलाढाल 2022 मध्ये 32 लाखांच्या घरात गेली होती आणि त्यात चारेक लाख कुटाईचे होते. म्हणजे ज्या कामावर दुकान उभं राहिलं त्याच कामामुळे नोंदणी आवश्यक ठरली. असं दुहेरी काम करणारी कितीतरी दुकानं मुंबईत आहेत. पिठाच्या गिरणीवाले धान्यही विकतात, शिवणकामवाले कापडही ठेवतात. त्यांनी हा फरक समजून घेतलाच पाहिजे.

आम्ही कॉम्पोझिशन योजना, म्हणजे लहान धंद्यांसाठीची जीएसटीची सोपी योजना, घेतली. मसाला बनवून विकणाऱ्याला उलाढालीवर 1 टक्का कर, तिमाहीला भरणा, वर्षाला एक विवरण. सेवेचा भाग उलाढालीच्या 10 टक्के किंवा 5 लाख, यातलं जे जास्त असेल तेवढ्यात राहिला तर ही योजना चालते. काकूंचे चार लाख त्यात बसले. अडचणी दोन. हा 1 टक्का गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही, तो खिशातून जातो. आणि माल राज्याबाहेर विकता येत नाही. बंगळुरूला स्थायिक झालेल्या जुन्या शेजाऱ्यांना मसाला पाठवायचा बेत त्यामुळे सोडावा लागला, याची मुलीला आजही रुखरुख आहे. ऑनलाइन मंचावर राज्यातल्या राज्यात विकायची मुभा कॉम्पोझिशनवाल्यांना 1 ऑक्टोबर 2023 पासून मिळाली आहे, पण मंचाचं कमिशन आणि परत आलेल्या मालाचा हिशेब पाहून काकूंनी ते अजून सुरू केलेलं नाही.

नोंदणीसोबत छापील बिलबुक आलं. वर "कॉम्पोझिशन करदाता, कर आकारण्यास पात्र नाही" अशी ओळ आणि खाली क्रमांक. काकूंना ते मनापासून आवडलं नव्हतं. गर्दीत एक हात वजनकाट्यावर आणि एक हात पैशांवर असताना बिल कधी फाडायचं, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. शेवटी ठरलं की किरकोळ विक्रीचं दिवसाअखेर एकत्र बिल आणि फोनवरच्या प्रत्येक ऑर्डरचं मात्र स्वतंत्र बिल, नाव आणि पत्त्यासकट. 200 रुपयांच्या आतल्या विक्रीला, गिऱ्हाईक मागत नसेल आणि त्याची जीएसटी नोंदणी नसेल तर, असं एकत्र बिल चालतं. त्याहून मोठ्या किरकोळ विक्रीचं बिल मात्र तिथल्या तिथे करावं लागतं. शिस्त लागायला एक अख्खा हंगाम गेला.

7,200 रुपये

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एका अनोळखी नंबरवरून सहा किलो मालवणी मसाल्याची ऑर्डर आली. पैसे आधी आले, माल डिलिव्हरीवाल्या मुलाकडे दिला, पोचल्याचा निरोप आला. अशा ऑर्डरी हंगामात रोजच्या. त्यामुळे पैसे पाठवणाऱ्याचं नाव आणि ऑर्डर देणाऱ्याचं नाव वेगळं होतं याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. नवऱ्याच्या खात्यातून बायको पैसे देते, तसलं काहीतरी असेल असं वाटलं.

प्रत्यक्षात ते पैसे परराज्यातल्या एका माणसाला फसवून काढलेले होते. असं घडलं की फसलेला माणूस 1930 या हेल्पलाइनवर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवतो आणि पैसे ज्या ज्या खात्यांतून गेले त्या साखळीतल्या प्रत्येक बँकेला सूचना जाते. पहिल्या खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, आणि शेवटी कुणीतरी त्या पैशांनी मसाला घेतो. शेवटचा दुकानदार त्या साखळीतला शेवटचा दुवा ठरतो. पोलिसांना मालमत्ता रोखून धरण्याचा अधिकार पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 102 मध्ये होता. 1 जुलै 2024 पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 106 मध्ये आहे.

ही यंत्रणा मला आवश्यक वाटते. पैसे वेळेत अडवले नाहीत तर फसलेल्याच्या हाती काहीच लागत नाही, आणि फसणाऱ्यांत निवृत्त, एकटी राहणारी माणसं फार असतात. माझा आक्षेप वेगळा आहे. वाद 7,200 चा असताना साडेतीन लाख अडकवणं अन्यायाचं आहे. केरळ उच्च न्यायालयाने 2023 मध्ये अशाच प्रकरणांत वादातल्या रकमेपुरतंच खातं रोखावं, असं म्हटलं. तरी अनेक शाखांमध्ये अजून सरसकट खातं बंद होतं, कारण सूचना पाळली नाही तर जबाब कोण देणार ही भीती तिथल्या माणसालाही असते.

दुकानात काकूंनी "फक्त रोख" अशी पाटी लावली. दोन दिवसांत ती काढावी लागली. जुन्या बायका पाकीट घेऊन येतात, पण टॉवरमधलं गिऱ्हाईक खिशात नोट ठेवत नाही. "नंतर येतो" म्हणून जातं आणि येत नाही. मग मुलगी म्हणाली, माझ्या पगाराच्या खात्याचा क्यूआर लावू. मी त्याला स्पष्ट नकार दिला. दुकानाची विक्री तिच्या वैयक्तिक खात्यात गेली की उद्या ती तिची मिळकत दिसणार, करात घोळ होणार, आणि पुन्हा असा एखादा व्यवहार आला तर तिचा पगारही अडकणार. काकांच्या वेळचं एका सहकारी बँकेतलं दुकानाच्या नावाचं खातं होतं. त्याची कागदपत्रं नव्याने देऊन ते सुरू केलं आणि त्याचा क्यूआर लावला. त्यात चार दिवस गेले.

त्या चार दिवसांत एक धोका टळला, तो मुद्दाम लिहिते. क्यूआर पुरवणाऱ्या कंपनीकडून मुलीच्या फोनवर कर्जाची ऑफर येत होती: दोन लाख लगेच, परतफेड रोज 1,250 रुपये, 180 दिवस. एकूण 2,25,000. वरवर पाहता दोन लाखांवर पंचवीस हजार, म्हणजे साडेबारा टक्के, असं वाटतं. पण मुद्दल रोज कमी होत असतं; सरासरी लाखभरच रुपये सहा महिने वापरायला मिळतात. वार्षिक व्याज काढलं तर ते 48 टक्क्यांच्या घरात जातं. आणि हप्ता कापला जातो तो रोजच्या क्यूआर वसुलीतून. ज्या खात्याचे दरवाजे बंद झालेत त्याच्याच भरवशावर हे कर्ज घ्यायचं होतं.

ओळख आणि कागद

मग वाशीचं देणं कसं भागलं? भागलं नाही. काकू स्वतः मसाला मार्केटला गेल्या आणि व्यापाऱ्याला जे घडलं ते सांगितलं. काकांचा आणि त्याचा तीस वर्षांचा व्यवहार. बेडगीचे भाव 2022-23 मध्ये गगनाला भिडले तेव्हाही काकूंनी एकदाही चेक परत जाऊ दिला नव्हता. तो म्हणाला, "वहिनी, हंगाम होऊ द्या, मग बघू," आणि नवी खेपही पाठवली. एक कागद नाही, एक सही नाही.

बँकेत आणि पोलिसांकडे मात्र ही तीस वर्षं उपयोगाची नव्हती. तिथे आम्ही लेखी अर्जाने चार गोष्टी मागितल्या: तक्रारीचा पोर्टलवरचा क्रमांक, वादातली नेमकी रक्कम, व्यवहाराची तारीख आणि तपास अधिकाऱ्याचा अधिकृत ईमेल. तोंडी विचारपूस करण्यात पहिले काही दिवस वाया जातात, हा बहुतेकांचा अनुभव आहे. अर्जाची पोच घेतली की काम हलतं. क्रमांक हाती आल्यावर अधिकाऱ्याला एकच ईमेल पाठवला. सोबत त्या ऑर्डरचं बिल, व्हॉट्सअॅपवरचा संवाद, माल पोचवल्याची नोंद, जीएसटी आणि उद्यम (लहान उद्योगांची) नोंदणी, अन्नसुरक्षा परवाना आणि दुकानाचा फोटो. मागणीही एकच: 7,200 रुपये रोखून ठेवा, बाकीचं खातं मोकळं करा.

त्या बिलाचं पान मी पुन्हा पुन्हा पाहिलं. काकूंचं घाईतलं अक्षर, कोपऱ्याला हळदीचा डाग, "मालवणी 6 कि." आणि पुढे नाव, पत्ता, तारीख. पैसे आल्याची वेळ आणि बिलाची तारीख जुळत होती. 2022 पूर्वी हेच घडलं असतं तर आमच्याकडे वहीतून फाडून दिलेलं, आता कुणाकडेच नसलेलं पान असतं. माल खरोखर विकला गेला हे आम्ही कशाच्या आधारे सांगितलं असतं? अधिकाऱ्याचं उत्तर आलं, बँकेला पत्र गेलं आणि मे संपता संपता खातं सुरू झालं.

हंगाम तेवढ्यात निम्मा उरकला होता. काकूंच्या अंदाजाने तयार मसाल्याच्या विक्रीत चांगलीच घट झाली, कारण पैसे नसल्यामुळे संकेश्वरी हवी तेवढी घेता आली नाही आणि मसाल्याचे घाणे कमी निघाले. हे नुकसान कुणी भरून देत नाही.

एक विचार मला सोडत नाही. काकूंना ओळखीने वेळ मिळवून दिला आणि कागदाने खातं उघडून दिलं. दोन्हींपैकी एक नसतं तरी दुकान त्या वर्षी अडचणीत आलं असतं. गल्लीत दोन वर्षांपूर्वी भाड्याने दुकान घेऊन बसलेल्या तरुणाकडे कागद सगळे चोख आहेत, काकूंपेक्षा चोख, पण देणं थकलं तर थांबणारा व्यापारी त्याला अजून भेटायचा आहे. आणि जुन्या दुकानदारांकडे ओळखी आहेत, बिलबुक नाही. लहान धंद्यांना मदत करायची म्हणून जी शिबिरं भरतात त्यांत ॲप कसं वापरायचं हे शिकवतात. खातं फ्रीज झालं तर पहिल्या दिवशी काय करायचं, हे कुणी सांगताना मी ऐकलेलं नाही.

आता दुकान कसं चालतं

पहिला सल्ला अनेक जण देतात तो असा, की रोज रात्री क्यूआरच्या खात्यातले पैसे दुसऱ्या खात्यात वळवा. आम्ही तसं केलं नाही. पैशांचा माग पुढे सरकत जातो. संशयित रक्कम ज्या दिवशी आली त्याच दिवशी दुसरीकडे पाठवली तर ते दुसरं खातंही साखळीत सापडतं. वाशीच्या व्यापाऱ्यालाही ही धास्ती होतीच. त्यामुळे दोन खाती, दोन वेगळे झरे. कुटाईचे आणि समोरासमोरच्या विक्रीचे पैसे सहकारी बँकेत, फोनवरच्या ऑर्डरींचे आधी फ्रीज झालेल्या चालू खात्यात. दोन्ही क्यूआर वेगळ्या ठिकाणी लावलेत. माणसांच्या एका महिन्याच्या पगाराएवढी रोकड बाजूला असते.

तीन किलोंच्या वरची अनोळखी ऑर्डर असेल तर पैसे पाठवणाऱ्याचं आणि माल घेणाऱ्याचं नाव मुलगी ताडून पाहते. वेगळं असलं तर फोन करून विचारते. बहुतेक लोक सांगतात, काही चिडतात, एखादा फोनच उचलत नाही, आणि मग ती पैसे परस्पर परत न करता आधी बँकेला कळवते. परस्पर परत करणं हाही फसवणुकीचा एक प्रकार झाला आहे: "चुकून आले, या दुसऱ्या नंबरवर पाठवा" म्हणतात.

2025 च्या जुलैमध्ये कर्नाटकात यूपीआयच्या उलाढालीवरून लहान व्यापाऱ्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या आणि बंगळुरूत "नो यूपीआय"च्या पाट्या लागल्या. काकूंनी ती बातमी दाखवून क्यूआर काढू का, असं विचारलं. मी नको म्हटलं. त्यांची उलाढाल नोंदलेली आहे, कर भरलेला आहे, शिवाय प्राप्तिकराच्या अनुमानित योजनेत बँकेतून आलेल्या विक्रीवर नफा 8 ऐवजी 6 टक्केच धरला जातो, म्हणजे क्यूआरचा त्यांना फायदाच होता.

7,200 रुपये अजून खात्यात रोखलेले आहेत. मसाला गेला, पैसेही गेले, असं धरून चाला, असं मी काकूंना सांगितलं होतं. त्यांना ते पटलेलं नाही. माल दिलाय तर पैसे मिळाले पाहिजेत असं त्या म्हणतात, आणि दर महिन्याला मुलगी त्या अधिकाऱ्याला ईमेल पाठवते, बिलाचा तोच फोटो जोडून.